आठल्ये सरांच्या नावाची घागर

अख्ख्या सुरतेत माझ्याइतका धाडसी पटावाळा तुम्हाला सापडला नसता. भूत म्हटलं की मी सगळ्यांच्या पुढे असायचो, कारण पळताना मला कुणी गाठूच शकत नव्हतं.

तर प्रिन्सिपल साहेबांनी मला केबिनमध्ये उभं केलं होतं. उन्हाळ्याची सुट्टी. बाहेर लिंबाखाली रंगवाले बसले होते. बादल्या पालथ्या, शिड्या आडव्या, आणि बिड्या चालू. वरच्या बंद वर्गातून आवाज येतो म्हणून कुणी जिना चढत नव्हतं.

"सुकाभाई, उपर कोण छे?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही साहेब. मीच कुलूप लावलंय."

"तो आ लोको काम केम नथी करता?"

"कुणी नाही म्हणूनच करत नाहीत. कुणी असतं तर कशाला घाबरले असते?"

साहेब हसले नाहीत. माझ्या विनोदावर ते कधीच हसायचे नाहीत, पण त्या दिवशी चष्माही काढला. म्हणाले, कॉलेज उघडायच्या आत रंग झाला पाहिजे. भूत आहे असं पोरांच्या आई-बापांच्या कानावर गेलं तर ॲडमिशनला कोण येईल? मग बोट दाखवून म्हणाले, "सोमवार सुधी शोधी काढ. नहीं तो जूनथी एजन्सीनो माणस."

एजन्सीचा माणूस म्हणजे शिट्टीवाला, टोपीवाला. तो आला की मी गेलो. मी होतो रोजावर. पर्मनंट माणसाला काढायला कागद लागतो, रोजावरच्याला नुसतं 'उद्या येऊ नको' पुरतं. आणि नोकरीबरोबर गेटजवळची खोलीही जाणार. मी खरं तर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जायची रजा मागायला गेलो होतो. ती तोंडातच राहिली.

पटावाळा म्हणजे आपल्याकडचा शिपाई. घंटा वाजवायची, पाणी भरायचं, खडू पुरवायचा, चाव्या सांभाळायच्या. लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, मला कुणी ठेवलं नाही. भेस्तानच्या कारखान्यात भावानं लावून दिलं होतं, पण धागा तुटलेला मला दिसायचा मालक ओरडल्यावर. म्हणून कॉलेजात आलो. शाळेची पायरी न चढलेला माणूस एकदम कॉलेजात. आमच्या खानदानात पहिलाच.

आता भुताचं. कॉलेज इंग्रजांच्या वेळचं, दगडी. अशा इमारतीला भूत नसेल तर तिची इज्जत राहत नाही. एक मडम होती, ती म्हणे गच्चीवर छत्री घेऊन फिरायची. एक घंटा आपोआप वाजायची. आणि वरच्या मजल्यावर गणिताच्या वर्गात आठल्ये सर. सर रिटायर झाले तेव्हा मी कॉलेजात नव्हतो. चौऱ्याण्णवला, प्लेगच्या साली, अर्धं सुरत गाव सोडून पळालं, त्यात सरही कुठेतरी गेले, परत आलेले कुणी पाहिले नाहीत. मुलगा अमेरिकेत. कॉलेजच्या पोरांना एवढं पुष्कळ झालं. सर प्लेगात गेले आणि भर दुपारी येऊन शिकवतात, असं सुरू झालं. नवीन पोरांना ही गोष्ट मीच सांगायचो. उंच, पांढरं धोतर, लाल डोळे. भूत मी पाहिलं नव्हतं, पण वर्णन माझ्याइतकं पक्कं कुणाचं नव्हतं.

तो वर्ग आता वर्ग राहिला नव्हता. तिथं डेड स्टॉक ठेवायचे. डेड स्टॉक म्हणजे मोडके बाक, पाय तुटलेली टेबलं. कामाचं काही नाही, पण फेकायची परवानगीही नाही. ऑफिसातले मला म्हणायचे, "सुकाभाई, तुलाही तिथंच ठेवायला पाहिजे."

सुट्टीत कॉलेज कसं असतं ते तुम्हाला माहीत नसेल. बायको आखाजीला माहेरी गेलेली. आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण, झोके बांधतात, गाणी म्हणतात. भाऊही लूम बंद म्हणून गावी. गेटवर मी एकटा. सकाळी उठायचं, ज्या वऱ्हांड्यात कुणी कचरा केला नाही तो झाडायचा. सुट्टीत घंटा वाजवायची नसते. तरी मी दिवसातून एकदा वाजवायचो. कुणी यायचं नाही. कबुतरं उडायची. तेवढंच.

शोध लावायचा म्हणून मी आधी कुलूप पाहिलं. जसंच्या तसं. मग दुपारी जिना चढलो. अर्ध्यावर गेलो आणि आवाज आला. बाईचा नाही, रेडिओचा नाही. शांत, मास्तरी आवाज. "समजलं का? मागचे बाक, समजलं का?"

मागचे बाक काही बोलले नाहीत. मी खाली होतो. एक चप्पल वरच राहिली.

रंगवाल्यांचा मुकादम धुडकू आबा, आमच्याच शिरपूरकडचा. त्यानं माझ्या एका पायाकडे पाहिलं आणि बिडी बाजूला ठेवली.

"ऐकं ना मास्तरले?"

"ऐकं आबा."

"त्याले पानी कोन देस? पोऱ्या तं अमेरिकामा शे."

आणि मला पटलं. आखाजीला आम्ही पूर्वजांची घागर भरतो. मातीची घागर, तिच्यावर खरबूज, गोड सांजोऱ्या. उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढायचं, एकेकाचं नाव घ्यायचं आणि पाणी सोडायचं. ज्याची घागर कुणी भरत नाही तो तहानलेला फिरतो. अमेरिकेत घागर कुठून मिळणार? प्रिन्सिपल साहेब सांगतात शोधून काढ, आबा सांगतो पाणी पाज. दोन्हींत पाणी पाजणं सोपं होतं.

आखाजीच्या सकाळी खोलीत बापाची घागर भरली. दुपारी दुसरी घागर डोक्यावर घेऊन जिना चढलो. रंगवाले जिन्याच्या तोंडाशी हात जोडून उभे. घागर भरली की कामाला लागू, असं आबानं कबूल केलं होतं. वर मात्र कुणी आलं नाही.

दाराशी घागर ठेवली. कुंकवाचं बोट ओढलं. कुलूप काढायची हिंमत नव्हती, म्हणून बंद दारालाच म्हटलं, "आठल्ये सर, पाणी घ्या."

आतून आवाज आला, "ठेव तिथं. आलो."

मी पळालो नाही. धाडस वगैरे काही नाही, पायात गोळा आला होता. आत बाक सरकला. माणूस माझ्या दारानं आलाच नाही, मागच्या लोखंडी जिन्यानं उतरून वळसा घालून वऱ्हांड्यात आला. उंच नाही, धोतर नाही. बुटका, पँट, बुशशर्ट, काखेत घामाचे डाग, बोटांना खडू. डोळे लाल होते, पण ते उन्हानं.

भुताला घाम येत नाही, एवढं मलाही माहीत होतं.

सर खाली बसले आणि घागरीकडे बघत राहिले. मग कुंकवाकडे.

"हे कोणाच्या नावानं?"

"तुमच्याच, सर."

"मी गेलो कधी?"

"प्लेगात. पोरं म्हणतात."

"प्लेगात मी पुण्याला बहिणीकडे होतो." मग म्हणाले, "मी मेलो, आणि मलाच कुणी कळवलं नाही."

त्यांनी खरबूज बाजूला ठेवलं, घागर दोन्ही हातांनी उचलली आणि घटाघटा प्यायले. सांजोरी तोडली. चावता चावता थांबले.

"खारट आहे."

"बायको गावी गेलीय सर. डबे सारखे दिसतात."

"मेलेल्याला चालली असती," म्हणाले, आणि तरी खाल्ली. दुसरी मला दिली. मीही खाल्ली. त्या सुट्टीत माझ्याबरोबर बसून जेवलेला पहिला माणूस तो. त्याचंच श्राद्ध.

मग मी विचारलं, रिकाम्या वर्गात कोणाला शिकवता?

सर म्हणाले, बायको गेली. मुलगा रविवारी फोन करतो, हवा कशी आहे विचारतो. "घरात एकटा बोललो तर शेजारी डॉक्टर बोलावतात. इथं बोललो तर भूत म्हणतात. त्यातल्या त्यात भूत बरं. कुणी गोळ्या देत नाही." मागच्या जिन्याच्या दाराची चावी डिपार्टमेंट सांभाळत होते तेव्हापासून त्यांच्याकडेच होती. परत कुणी मागितली नाही, त्यांनी दिली नाही.

मी माझं सांगितलं. सोमवार, एजन्सी, खोली. सांगताना वाटत होतं, सांगू नये. साहेबांना खरं सांगितलं तर सरांना गेटवरच अडवणार, आणि अडवायला माणूस कोण तर मीच. नाही सांगितलं तर गेटवर दुसराच कुणी असणार.

सरांनी फार विचार केला नाही. खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "तुझं घर आहे ते. माझे नुसते बाक आहेत." मग आत जाऊन फळा पुसून आले. पूर्ण पुसला, कोपऱ्यांसकट.

ते जिना उतरायला लागले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, माझ्या खोलीत या ना दुपारचे. पंखा आवाज करतो, पण चालतो."

"तुला गणित येतं?"

"दहापर्यंत येतं. पुढचं बायको मोजते."

सर उतरून गेले. खाली रंगवाल्यांनी एक बुटका म्हातारा बाहेर पडताना पाहिला आणि बाजूला सरून वाट दिली. त्यांना वाटलं, भटजी.

सोमवारी साहेबांनी विचारलं, "कोण हतुं?"

"एक म्हातारा माणूस होता साहेब, मागच्या जिन्यानं यायचा. ही चावी. आता नाही येणार."

साहेबांनी चावी ड्रॉवरमध्ये टाकली. नाव विचारलं नाही. वर शिड्या सरकल्याचा आवाज येत होता, त्यांना तेवढंच पाहिजे होतं. एजन्सीचं पुढं काही निघालं नाही. वरचा वर्ग पिवळा झाला, डेड स्टॉक दुसऱ्या खोलीत गेला.

मी शिकलो ते एवढंच. कुलूप लावायच्या आधी आत डोकावावं.

सर मंगळवारी आले नाहीत, बुधवारी आले नाहीत. मी दुपारी जेवून खोलीचं दार उघडं टाकून बसायचो. एकदा ऊन चांगलं तापलेलं असताना सर दारात उभे राहिले. पंख्याकडे बघितलं, आवाज ऐकला, बसले. मग रोज यायला लागले. खोलीच्या दाराला आतून खडूनं लिहायचे. त्रिकोण, वर्तुळ, काय काय. मी समोर मांडी घालून. फार छान बोलायचे. आवाज चढायचा, उतरायचा, मध्येच हळू व्हायचा. मी मान हलवत राहायचो.

बायको गावाहून आली, दाराकडे बघत राहिली. "हाऊ मास्तर काय शिकाडस तुले?"

"समजत नाही," मी म्हटलं, "पण गोड बोलतात."

त्या दुपारी सर शिकवता शिकवता मध्येच थांबले. खडू खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"सुकलाल, आता मी काय सांगितलं?"

मी मान हलवली.

"ते बाक बरे होते," सर म्हणाले. "निदान समजल्याचं नाटक करत नव्हते."