डांबराखालचे बांगडे

नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. देवरूखच्या रस्त्यावरच्या एका खड्ड्याचे प्रकरण मात्र अजून स्वच्छ आठवते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी त्या भागात फौजदार होतो आणि पाऊस नुकताच सरला होता. पावसाळ्यात रस्त्याची चाळण झाली होती. गाड्यांचे पाटे तुटत, टायर फुटत, आणि लोक नशिबाला बोल लावून पुढे जात.

एका संध्याकाळी सरकारी दवाखान्यातून ठाण्यात खबर आली. मिरकरवाडा बंदरावरून मासळी घेऊन निघालेला टेम्पो वळणावर उलटला होता आणि त्याखाली सापडलेला एक शेतकरी दगावला होता. मी दवाखान्यात गेलो तेव्हा टेम्पोचा ड्रायव्हर बाहेरच्या बाकावर बसलेला होता. पळाला नव्हता. मागून आलेली जीप थांबवून त्यानेच जखमीला आणले होते. त्याचा सदरा रक्ताने भरलेला होता.

"साहेब, गाडी हळूच होती," तो म्हणाला. "खड्ड्यात चाक गेलं आणि स्टेअरिंगचा रॉड तुटला. मग गाडी माझ्या हातात राहिली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचांना घेऊन मी जागेवर पोचलो. टेम्पो कडेला आडवा होता, पण खड्डा कुठेच नव्हता. त्या ठिकाणी डांबराचे ठिगळ होते आणि त्यावर लाल माती पसरलेली होती.

या रस्त्याच्या दुरुस्तीचा ठेका तिथल्याच एका वजनदार माणसाकडे होता. त्याच्या मुकादमाला बोलावले. तो म्हणाला, "हा खड्डा आम्ही नवरात्राच्या आधीच भरला. कोणालाही विचारा." माझा अनुभव असा, की खरे सांगणारा माणूस आठवत, अडखळत बोलतो. हा अजिबात अडखळला नाही. पण संशयावर केस उभी राहत नाही. गावात विचारले तर प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवी, कारण निम्म्या घरांना त्या ठेकेदाराकडेच काम मिळे.

गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याने रॉड तुटल्याचे लिहून दिले, मात्र तो गाडी उलटण्याआधी तुटला की नंतर, हे त्याला सांगता येईना. खड्डा नव्हता तर सगळा दोष ड्रायव्हरचा ठरत होता. त्याला जामीन मिळाला, पण परवाना जमा झाला आणि घराची कमाई बंद पडली. त्याहून मला काळजी वेगळीच होती. ड्रायव्हर किनाऱ्यावरचा मुसलमान होता आणि गावातली कुजबुज भलत्या वळणाला लागली होती. 'त्यांच्या गाड्या इथून जाऊ द्यायच्या नाहीत,' असे काहीजण उघड बोलू लागले होते.

मयताची बायको अपघाताच्या वेळी गवताचा भारा घेऊन त्याच्या मागेच चालत होती. तिचा जबाब घ्यायला मी गेलो होतो, पण ती बोलण्याच्या स्थितीत नव्हती. दिवसकार्य आटोपल्यावर एका सकाळी ती दिराला घेऊन आपणहून ठाण्यात आली. हवालदाराने खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"साहेब, माका सांगतायत, गाडी भरधाव व्हती असा बोल. ड्रायव्हर दारू प्यायला व्हता असा बोल."

"कोण सांगतंय?"

"ठेकेदाराची मानसा. पन मी बगितलाय. गाडी हलू येत व्हती. चाक खड्ड्यात गेला, कट्कन आवाज झाला नि गाडी आडवी झाली. त्या पोराने माज्या मानसाचा डोका दवाखान्यापर्यंत मांडीवर धरला व्हता. तेच्यावर खोटा कसा बोलू?"

मी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला आणि तिचा अंगठा घेतला. जाता जाता ती थांबली. "आनि एक. त्या जाग्यावर कुत्री उकरतायत. वास येतोय."

मी तसाच उठलो. पंच आणि दोन शिपाई बरोबर घेतले. खरोखरच दोन कुत्री ठिगळ उकरत होती. डांबराचा थर इतका पातळ, की त्यांच्या नखांनीही निघत होता. आम्ही कुदळीने तो भाग उघडला. खाली गुडघाभर खोल खड्डा, त्यात सैल खडी, आणि खडीखाली कुजलेले बांगडे. टेम्पो उलटला तेव्हा टोपल्यांतली मासळी खड्ड्यात सांडली होती, आणि घाईघाईत तिच्यासकट खड्डा बुजवला होता.

मुकादमाला पुन्हा समोर बसवले. आवाज चढवण्याची गरज नव्हती. मी एवढेच विचारले, "नवरात्राआधी भरलेल्या खड्ड्यात नंतर सांडलेली मासळी गेली कशी?"

तो म्हणाला, "मालक म्हणाले, पोलीस यायच्या आधी भरून टाक. मी नोकर माणूस, साहेब."

पुढे ठेकेदारावर निष्काळजीपणाचा आणि पुरावा नष्ट केल्याचा खटला चालला. कोर्टात त्याच्या वकिलाने मयताच्या बायकोला विचारले, "तुमचा नवरा ज्याच्या गाडीखाली गेला, त्याची बाजू का घेता?" ती शांतपणे म्हणाली, "मी कोनाची बाजू नाय घेतली. बगितला ता सांगितला." ठेकेदाराला शिक्षा झाली. ड्रायव्हर निर्दोष सुटला आणि पुन्हा मासळीच्या खेपा करू लागला. त्याची गाडी कोणी अडवली नाही.

या तपासाबद्दल वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. पण गुन्हा उघडकीला येतो तो पोलिसाच्या हुशारीने कमी आणि कोणीतरी खरे बोलायचे ठरवतो म्हणून जास्त, हे मी त्या प्रकरणात शिकलो. ज्या बाईचे सर्वात जास्त नुकसान झाले होते, तिनेच एका निरपराध माणसाला वाचवले आणि माझ्या हद्दीतली शांतताही राखली. तिचे ऋण मी आजवर मानत आलो आहे.

बदलीची ऑर्डर आल्यावर मुद्दाम तिच्या घरी गेलो. "बाई, तुमच्यामुळे माझ्या हातून अन्याय टळला," मी म्हटले. तिने कोरा चहा पुढे ठेवला. मी निघालो तेव्हा ती अंगणाच्या कडेपर्यंत आली.

"रस्ता आता बरा झालाय, साहेब," ती म्हणाली. "तरी हलू जावा."