सतरा जणांचा कोपरा

मार्लिस क्रेगरची जीभ तिखट होती, पण ती चालायची फक्त शाळेच्या भटारखान्यात. तिथे पोरांना ताटं वाढताना ती भल्याभल्यांना सरळ करायची. चार शिकलेली माणसं समोर आली की मात्र बाईंच्या तोंडाला कुलूप. तसे आयोवात आम्ही सगळेच थोडेफार असे. कोणी बोलत असेल तर मध्ये तोंड घालायचं नाही, हे आमचं बाळकडूच.

भटारखान्याआधी सव्वीस वर्षं ती गावातल्या डुकराच्या मांसाच्या कारखान्यात होती. सरकत्या पट्ट्यावरून धड यायचं, चाकू चालवायचा, की पुढचं धड हजर. पट्टा दरवर्षी थोडा जास्त जोरात पळवायचे. शेवटी तिची बोटं सकाळी मिटेनाशी झाली, कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरायची वेळ आली, तेव्हा कारखान्याने तिला नारळ दिला.

म्हणून त्या हिवाळ्यात डेल हॅगर्टी तिला एकदम आपला वाटला. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार कोण, या शर्यतीत पाच जण होते. चौघे उद्याच्या नोकऱ्यांबद्दल छान छान बोलायचे. हॅगर्टी हा जुना पाइप जोडणारा. तो एकटाच टीव्हीवर म्हणाला, "मांस कारखान्यांच्या पट्ट्याचा वेग कायद्याने कमी करीन." मार्लिस तिथल्या तिथे रडली. पट्टा हा शब्द तिने टीव्हीवर कधी ऐकलाच नव्हता! दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून फोन करून सांगितलं, आमच्या वॉर्डातला हॅगर्टीचा कोपरा मी सांभाळते.

कोपरा म्हणजे खराखुरा कोपरा. या निवडीला आमच्याकडे मतपेटी नसते. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी वॉर्डातले पक्षाचे लोक शाळेच्या जेवणाच्या हॉलमध्ये जमतात आणि ज्याला जो हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात. मग डोकी मोजायची. दारात सही करून आत आलेल्यांपैकी शंभरात पंधरा तुमच्या कोपऱ्यात नसतील, तर तुमचा कोपरा बाद. दुसऱ्या कोपऱ्यात जा, नाहीतर घरी जा.

आणि हे सगळं कधी? संध्याकाळी सातला! कॉलेजातले प्राध्यापक, वकील, बँकवाले जेवूनखाऊन निवांत येतात. दुसऱ्या पाळीचा माणूस तेव्हा पट्ट्यापाशी गुडघाभर घाणीत उभा असतो. हा नियम कोणी मुद्दाम केला असेल असं मी म्हणत नाही. पण बदलावा असंही कोणाला कधी वाटलं नाही.

मार्लिसने यातून वाट काढली. दुसऱ्या पाळीची जेवणाची सुट्टी सातलाच, अर्ध्या तासाची, आणि शाळा रुळांच्या पलीकडेच. सभेआधी ती कारखान्याच्या फाटकाशी उभी राहून एकेकाला गाठत होती.

"या, सही करा, मोजून घ्या, पळा. वीस मिनिटांत काम. सभेचे अध्यक्ष आहेत ना, त्या वकीलसाहेबांनी मला फोनवर सांगितलंय, वेळेवर सुरू करतो म्हणून."

इलिओडोरो साल्दिव्हार हसला. पट्ट्यावर आठ वर्षं तो तिच्या शेजारी उभा होता. आदल्याच वर्षी तो अमेरिकेचा नागरिक झाला होता.

"बाई, जेवणाचं काय?"

"एक दिवस नाही जेवलास तर मरणार नाहीस. पोट बघ जरा आपलं."

"हे पोट माझ्या बायकोची कमाई आहे, त्याला नावं नाही ठेवायची." मग त्याचा आवाज उतरला. "पण बाई, माझा हजेरीचा एकच पॉइंट उरलाय. पोरीच्या कानाच्या ऑपरेशनला रजा झाल्या ना. आता एकदा जरी उशीर झाला तर घरी बसवतील."

"उशीर कसा होईल? मी आहे ना!" मार्लिस म्हणाली.

सभेच्या संध्याकाळी कारखान्यातले आठ जण पांढऱ्या डगल्यांवर जाकिटं चढवून, बर्फ तुडवत आले. सह्या केल्या आणि हॅगर्टीच्या कोपऱ्यात येऊन उभे राहिले. कोपऱ्यात आधीच सोळा जण होते, बहुतेक कारखान्यातून निवृत्त झालेले, गुडघे धरून बाकांवर बसलेले. सही केलेले एकूण एकशे अठरा. कोपरा टिकायला अठरा डोकी पुरे. मार्लिसने मनात चारदा बेरीज केली. सहा जास्तच होते! तिला इतका आनंद झाला की तिने स्वतःच्या घरून आणलेली बिस्किटं शेजारच्या कोपऱ्यातही वाटली.

सभेचे अध्यक्ष ग्रॅहम एलरी, निवृत्त वकील. माणूस सज्जन. त्यांनी सगळ्यांचं स्वागत केलं. मग सिनेटरसाहेबांचं पत्र वाचलं. मग दुसऱ्या सिनेटरबाईंचं, तेही अथपासून इतिपर्यंत. देणगीचं पाकीट फिरलं. शाळेच्या शिपायाचे आभार मानले, टाळ्या झाल्या. मग कॉलेजात इतिहास शिकवलेल्या विनिफ्रेड शॉ उठल्या. म्हणाल्या, मोजणी झाली की माणसं पांगतात, तेव्हा रस्त्याकडेच्या रानमधमाश्या वाचवायचा ठराव आधीच घेऊ. कोणीतरी त्याला दुरुस्ती सुचवली. दुरुस्तीलाही दुरुस्ती आली. हसतखेळत चाललं होतं सगळं. घाई कोणाला होती?

ऑर्विल नावाचा म्हातारा मार्लिसच्या कानाशी लागला. "अगं ऊठ की! सांग त्यांना, आधी मोजा म्हणून."

"ते बोलतायत अजून."

"ते मरेपर्यंत बोलतील! कोपरा तुझा ना? मग ऊठ!"

ती उठलीसुद्धा. अर्धवट. एलरींनी तिच्याकडे बघून हसून मान डोलावली, "बसा बसा मार्लिस, कॉफीचं नंतर बघू." सगळा हॉल प्रेमाने हसला, आणि बाई खाली बसल्या. रोज ज्या हॉलमध्ये ती टेबलावर डाव आपटून दोनशे पोरांना गप्प करायची, त्याच हॉलमध्ये तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही.

सुट्टी संपत आली. पांढरे डगले एकमेकांकडे बघायला लागले. एक जण हळूच निघाला, मग तिघे, मग उरलेले. "माफ करा हं मार्लिस," प्रत्येक जण कुजबुजत होता. इलिओडोरोनेही टोपी घातली. मार्लिसने त्याची बाही धरली.

"दोन मिनिटं. मधमाश्या संपल्या, आता मोजतीलच. तू थांब."

"बाई, माझा पॉइंट..."

"दोनच मिनिटं रे. माझ्यासाठी."

तो थांबला. एकच पॉइंट उरलाय हे तिला ठाऊक होतं, तरी तिने बाही सोडली नाही.

मोजणी झाली. सतरा.

"एक कमी पडला," एलरी हळहळून म्हणाले.

"पण आमचे सात जण आले होते!" मार्लिसला आत्ता वाचा फुटली. "सह्या आहेत त्यांच्या. पाळी होती म्हणून गेले."

"सह्या आहेत म्हणून तर अठरा लागतात, मार्लिस. ते आलेच नसते तर एकशे अकरा झाले असते, आणि सतरात भागलं असतं. पण नियम म्हणजे नियम."

मार्लिसने तोंडावर हात धरला. फाटकाशी थंडीत उभं राहून, हातापाया पडून तिनेच त्यांना आणलं होतं. तिनेच!

तिने वळून बघितलं, तेव्हा इलिओडोरो दाराबाहेर धावत सुटला होता. पाठोपाठ विनिफ्रेडबाई लिंबाच्या वड्यांची बशी घेऊन आल्या. आता हॅगर्टीची माणसं मोकळी झाली होती ना, मग चारी बाजूंनी मनधरणी सुरू. "या ना आमच्याकडे. आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत." चार-पाच जण गेले. ऑर्विल शिव्या घालत घरी गेला. मार्लिसने वडी घेतली, आभार मानले आणि वडी हातात घेऊनच गाडीत जाऊन बसली. एवढं झालं तरी तिला वडीला नाही म्हणवलं नाही.

इलिओडोरोला त्याच रात्री काढलं.

तीन-चार दिवस मार्लिसला जेवण गेलं नाही. मग तिने खिम्याचं आणि बटाट्याचं, ओव्हनमध्ये भाजायचं हॉटडिश केलं, आपल्या चांगल्या काचेच्या भांड्यात घातलं आणि रुळांपलीकडच्या त्याच्या पत्र्याच्या घरी गेली. दाराशी खोकी बांधून ठेवलेली. नेब्रास्कात दुसरा मांस कारखाना माणसं घेत होता. तिथला पट्टा इथल्यापेक्षा जोरात चालतो, हे दोघांनाही माहीत होतं.

तो चिडला नव्हता. तिला वाटत होतं, चिडेल, चार शब्द सुनावेल, म्हणजे बरं वाटेल.

"बाई, हॅगर्टीचं काय झालं?"

"बसला खाली. काल शर्यत सोडली त्याने."

"असू दे." त्याने एका खोक्याची दोरी आवळली. "मला मोजलं ना पण? पहिलंच मत होतं माझं. कुठेतरी लिहिलं गेलं असेल ना?"

बाद कोपऱ्याचं काहीच कुठे लिहीत नाहीत. वर कळवलेल्या निकालात हॅगर्टीपुढे शून्य होतं.

"लिहिलंय," मार्लिस म्हणाली. "मी बघितलं."

तो बायकोकडे वळला. "ऐकलंस, अम्पारो? सांगत होतो ना तुला!"

अम्पारोने मार्लिसच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. मग गरम भांडं तिच्या हातातून घेतलं.

"हे भांडं परत कसं करू तुम्हाला?" ती म्हणाली. "आम्ही तर उद्याच निघतोय."