साध्या पाण्याची टाकी

समजा, तुमच्या तळहातावर एक बोटुकली ठेवलीय. बोटाएवढं माशाचं पोर, नुकतंच मेलेलं. तिचं पोट चिरून तांदळाच्या दाण्याएवढं काळीज, म्हणजे यकृत, काढायचं, बर्फावरच वाटायचं, रसायन घालून काचनळी तापवायची. कीटकनाशकानं पेशी आतून गंजल्या असतील तर नळी गुलाबी होते. जितका गंज जास्त, तितका रंग गडद.

प्रयोगशाळेत हे काम बर्फवाल्याचं. सदा हातात बर्फाची बादली, म्हणून हे नाव पडलं. "घरी चहातही बर्फ टाकतोस का रे?" प्रयोगशाळेच्या मुख्य मॅडम चिडवायच्या.

एका टाकीत कीटकनाशकाचा अंश, दुसरीत तुलनेसाठी नुसतं नळाचं पाणी. त्या दिवशी पहिल्या टाकीची नळी गुलाबी झाली, ते ठरलेलंच. पण पाठोपाठ दुसरीचीही झाली.

"नळ्या नीट विसळल्या नाहीस," मॅडम म्हणाल्या.

त्यानं कोऱ्या नळ्या काढल्या. पुन्हा तेच. मग मॅडमनी स्वतः बाह्या सरसावल्या. त्यांचीही नळी गुलाबीच. पाणी तपासायला गेलं. नळातही तेच औषध निघालं. अगदी कमी, पण बोटुकल्यांना पुरून उरेल इतकं.

तोच नळ मागच्या क्वार्टर्सना जायचा. बर्फवाला पळतच घरी गेला. बायको तान्ह्या लेकीची दुधाची बाटली हलवत होती. क्षणभर त्याला दूध गुलाबी दिसलं. त्यानं बाटली हिसकावली.

"अहो, डोकं फिरलंय का? पाणी खळखळून उकळलंय मी!"

"उकळून जंतू मरतात गं. हे नाही जात."

तेव्हापासून घरात विकतचा जार आहे. लेक बाळसं धरतेय, खिदळते. तरी तिला खांद्यावर घेतलं की त्याचा हात आपसूक तिच्या उजव्या बरगडीखाली जातो.

"गुदगुल्या करताय की चाचपताय?" बायको विचारते. तो हसून वेळ मारून नेतो.

उरलेल्या बोटुकल्या त्यानं जारच्याच पाण्यात सोडल्यात. मजेत पोहतात, खाणं टाकलं की झेपावतात. पण तशा त्या नळाच्या पाण्यातही झेपावत होत्याच की! त्यांच्या आतला गंज उतरला का, ते एक दिवस काळीज काढून बघता येईल.

लेकीचं कसं कळायचं?