रूपलीला न सांगितलेलं

हे मी नवऱ्याजवळ कधी बोलले नाही, लेकीजवळ तर नाहीच. तुम्ही ना ओळखीचे, ना नात्यातले — म्हणूनच कदाचित जमेल.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. वसमतला जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, आम्ही चार बाया नव्यानं लागलो. शिकवायला एकच मिस्त्री, करीमचाचा. एकेकीला शिकवायला त्यांना सवड कुठली? चौघींना एकदम उभं करायचे नि म्हणायचे, "जिला उमगलं तिनं शेजारणीला सांगायचं. बराबर?" आणि खरं सांगते, ते फार कामाचं होतं. चाचांना विचारायची लाज वाटे ते आम्ही एकमेकींना विचारत असू.

माझी शेजारीण रूपली, लमाणांच्या तांड्यावरची. मराठी अडखळत बोलायची, पण हात — काय हात होता तिचा! एकदा चाचा सगळ्यांदेखत म्हणाले, "रूपलीकडं पाहा. असं काम पायजे." मला ते लागलं. बायांवर मुकादमीण नेमायची होती, आणि ती मीच होणार असं मी घरी सांगून बसले होते.

दुसऱ्या दिवशी चाचा सांगत होते — यंत्रात कापूस अडकला तर आधी ओरडून पट्टा थांबवायचा, मगच हात घालायचा. यंत्रांच्या आवाजात मागं उभ्या रूपलीला अर्धंच ऐकू आलं. तिनं मला विचारलं, "अडकला की हात घालायचा, व्हय ना?"

मला — मला पुरतं माहीत होतं. मी होय म्हणून मान हलवली.

काय वाटलं होतं मला? तिची फजिती होईल, चाचा रागावतील, एवढंच? पण तो फिरता पट्टा मी रोज पाहत नव्हते का?

त्याच दुपारी तिची दोन बोटं गेली. चाचा ओरडले, "काहून कुणी सांगितलं न्हाई इला?" आणि मी म्हणाले, "सांगितलं व्हतं, चाचा. तिला आपली बोली उमगत न्हाई." रूपली शुद्धीत होती. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं.

चाचांनी दोष स्वतःवर घेतला, मिळून शिकवणं बंद केलं. हात बरा झाल्यावर रूपली परत आली नि तिनंच त्यांना सांगितलं, "बंद करू नका. मिळूनच शिकवा. पन मंग एकेकीनं करून दाखवायचं, बाकीच्यांनी पाहायचं." तसं सुरू झालं. मी होते तोवर पुन्हा कुणाला इजा झाली नाही. मुकादमीण रूपलीच झाली.

पुढं माझी लेक जिनात लागली, रूपलीच्याच हाताखाली. रोज लेक घरी आली की मी आधी तिची बोटं पाहायचे. पण पुरतं येईस्तोवर रूपलीनं तिला यंत्राला हात लावू दिला नाही. माझं नावसुद्धा काढलं नाही.

रूपली आता नाही. ती होती तोवर मी तोंड उघडलं नाही. आता तिच्या जागी माझी लेक आहे. नव्या बाया आल्या की ती आधी यंत्रं बंद करवते, सगळ्यात मागच्या बाईला पुढं बोलावते, आणि मग शिकवायला लागते.