शहरबानूने फोन लावला

शौकत गाडीतून उतरला आणि दार लावण्याआधी क्षणभर त्यालाच टेकून उभा राहिला. त्याच्या बायकोने, शहरबानूने, ते बरोबर टिपलं. पण त्यांची मुलगी इन्शा समोर येताच तो ताठ झाला आणि म्हणाला, "यल्ला, चला."

रस्ता अवघड मुळीच नव्हता. दुबईबाहेर वाळवंटात माणसांनी खोदून पाण्याने भरलेलं ते तळं होतं. त्याच्या काठाने घाफच्या झाडांचं रान लावलेलं आणि दोहोंच्या मधून तळहातासारखी सपाट वाट. ना चढ, ना उतार. इन्शाने अब्बांसाठी ही जागा मुद्दाम हुडकली होती. स्टेंट बसवल्यापासून डॉक्टरांनी त्याला सपाटीवरच चालायला सांगितलं होतं, आणि छातीत काही झालं तर लपवायचं नाही, असंही बजावलं होतं.

शौकत मूळचा हर्णैचा. त्याची सगळी नोकरी ड्रेजरवर गेली. समुद्राच्या तळाची वाळू खेचायची आणि किनाऱ्यापुढे ओतून नवी जमीन उभी करायची, हे त्याचं काम. त्याचा कप्तान डच होता. तो सांगायचा, आमच्याकडे आम्ही समुद्र अडवला, पाणी उपसलं आणि तळाचीच जमीन केली. आता तिथे जंगल आहे, जंगलाला लागून तळं आहे, म्हातारी माणसंसुद्धा आरामात फिरून येतात. ही हकीकत शौकतने शारजातल्या आपल्या दोन खोल्यांत इतक्यांदा सांगितली, की शहरबानूला ते रान पाहिल्यासारखंच वाटायचं. पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता पोरगी मोठी झाली, नोकरीला लागली. मग तिनेच ठरवलं, की एप्रिलमध्ये अम्मी-अब्बांना हॉलंडला न्यायचं. डॉक्टर हो म्हणाले तर.

शहरबानूने संसार बहुतेक एकटीनेच केला होता. शौकत आठवडेच्या आठवडे पाण्यावर असायचा. इन्शाची शाळा, आजारपणं, घरमालकाशी बोलाचाली, सगळं ती निभावायची. पण तो घरी आला की शेवटचा शब्द त्याचा, आणि ती तो निमूट मानायची. तसं तिला कुणी शिकवलं नव्हतं. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाशी वाद कशाला घालायचा, असं तिला वाटायचं, आणि मग ती सवयच होऊन गेली.

थोडं चालल्यावर इन्शाच्या लक्षात आलं, की पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिल्या. तुम्ही हळूहळू पुढे व्हा, मी आलेच, असं सांगून ती मागे पळाली. सकाळपासून धुकं होतंच. आता ते तळ्यावरून उठून झाडांत शिरलं. आधी पलीकडचा काठ गेला, मग पाणी गेलं, मग समोरची वाटही चार पावलांवर संपल्यासारखी दिसू लागली.

शौकतची पावलं जड पडत होती. मग त्याचा हात जबड्याकडे गेला. मागच्या वेळीही दुखणं जबड्यातूनच सुरू झालं होतं.

"बसा जरा," ती म्हणाली.

पराठा पचला नाही, ॲसिडिटी आहे, असं तो म्हणाला. पण म्हणता म्हणता एका बुंध्याशी खालीच बसला. कपाळ घामाने भिजलं होतं, आणि ती सकाळ तर जानेवारीतली. शहरबानूने त्याच्या खिशातली, डॉक्टरांनी अशा वेळेसाठी दिलेली गोळी काढायला हात घातला. त्याने खिशावर तळवा दाबून धरला.

"इन्शाला यातलं काही सांगायचं नाही. सांगितलंस तर एप्रिल खलास."

ती उभी राहिली. चूप बसावं, पाच मिनिटांत बरं वाटेल, तिघं घरी जातील, त्याचं मन मोडणार नाही. हे सगळं तिच्या मनात येऊन गेलं. मग तिने त्याच्या ओठांकडे पाहिलं. ते राखेसारखे दिसत होते. तिने फोन काढला.

"बानू, फोन ठेव."

त्याने हात पुढे केला. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याच्याकडे पाठ केली आणि इन्शाला सांगितलं, की अब्बांच्या छातीत दुखतंय, ॲम्ब्युलन्स बोलाव.

"अम्मी, व्हेअर आर यू? आय कान्ट सी एनीथिंग."

काय सांगणार? डावीकडे तळं, उजवीकडे झाडं, आणि सगळीकडे तेच. तिने कसंबसं लोकेशन पाठवलं. मग शौकतचा हात बळेच बाजूला करून गोळी त्याच्या जिभेखाली ठेवली. त्याने विरोध केला नाही. त्यामुळेच ती जास्त घाबरली.

बऱ्याच वेळाने दूर कुठेतरी सायरन वाजला आणि बंद झाला. मग माणसांचे आवाज आले, पण कुठून ते कळेना. धुक्यात ते एकदा पाण्याकडून यायचे, एकदा पाठीमागून. पुढे जाऊन त्यांना घेऊन यावं म्हणून ती उठली, तर शौकतने तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं.

मग ती तिथेच उभी राहून ओरडली. शेजाऱ्यांना आवाज जाईल म्हणून घरात रागावतानाही हळू बोलणारी ती बाई घसा फुटेस्तोवर "इकडे, इकडे" ओरडत राहिली. आधी इन्शाचं लाल जॅकेट दिसलं, तिच्यामागून स्ट्रेचर घेतलेली दोन माणसं.

हॉस्पिटलमध्ये कळलं, की हृदयाची दुसरी नस जवळजवळ बंद झाली होती. त्याच दिवशी पुन्हा स्टेंट बसवला. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. इतक्यात विमानप्रवास नाही, असंही म्हणाले. त्यानंतर दोन दिवस शौकत शहरबानूशी बोलला नाही. पाणीसुद्धा इन्शाकडे मागायचा. ती उशाशी बसून राहायची. तिला वाईट वाटत होतं, पण फोन लावल्याचा पस्तावा मात्र होत नव्हता.

तिसऱ्या सकाळी नर्सने त्याला वॉर्डाबाहेर चालायला लावलं. इन्शा ऑफिसला गेली होती, म्हणून हात शहरबानूने धरला. लांबलचक पॅसेजमध्ये दोघं चालत राहिले. मध्येच त्याने विचारलं, "त्या दिवशी तू घाबरली होतीस?"

"अजून घाबरलेलीच आहे," ती म्हणाली.

थोडं पुढे गेल्यावर तो स्वतःहून थांबला, भिंतीला टेकला आणि म्हणाला, की दम लागलाय, छातीत काही नाही, नुसता दम.

शहरबानूने त्याचा चेहरा नीट न्याहाळला आणि मग कोपऱ्यातली खुर्ची ओढून आणली.