बाहुली माझी, कीबोर्डही माझाच

आज क्लासात डोकं फिरलं, म्हणून लिहितेय.

जुन्या गेम कन्सोलसाठी मी असेंब्ली या यंत्राजवळच्या भाषेत प्रोग्रामिंग शिकतेय. आज प्रत्येकाने आपला गेम दाखवायचा होता. माझ्या गेममधली तंजावरची डोलणारी बाहुली पडद्यावर येईचना.

“पाट्टी, सरका, मी लिहून देतो,” म्हणत सरांनी कीबोर्ड ओढला.

“पाट्टी, म्हणजे आजी, मी घरी! इथे विद्यार्थिनी आहे. हात काढा.”

कीबोर्ड परत माझ्याकडे घेतला आणि ओळ न् ओळ तपासली. एका आकड्याआधी हॅशचं चिन्ह राहिलं होतं, म्हणून यंत्र त्या आकड्याला मेमरीतला पत्ता समजत होतं. चिन्ह टाकताच बाहुली डोलली.

“जमलं बघा आपल्याला!” सर म्हणाले.

मैत्रिणींनो, चूक माझी एकटीची होती. मग हे ‘आपल्याला’ कुठून आलं?