कुरडयांचा चीक आणि उरलेल्या गोळ्या

आमच्या इंदिरानगरच्या घरात थोरल्या जाऊबाई म्हणजे बिनडिग्रीच्या डॉक्टर. कुणाचं औषध अर्धवट राहिलं की उरलेली पट्टी त्यांच्या स्टीलच्या डब्यात जायची आणि कुणी शिंकलं की तिथूनच बाहेर यायची. त्या उन्हाळ्यात माझा घसा सुजला. मी शाळेत शिकवते, घशावरच माझं पोट. जाऊबाईंनी डब्यातून अँटिबायोटिक काढून दिलं. त्यानं उतार पडेना, तेव्हा दुसरं दिलं, आणखी जालीम. मी गपगुमान गिळलं.

घसा मोकळा झाला आणि खाली आग सुरू झाली. खाज, जळजळ, अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहताना जीव जायचा. सांगायचं कुणाला? जाऊबाईंनाच सांगितलं, गोळ्या त्यांच्याच होत्या ना! त्यांनी नाक मुरडलं. "स्वच्छता ठेवत नाहीस तू, म्हणून होतं हे." एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी विसरूनही गेले असते.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर कुरडया होत्या. भिजवलेल्या गव्हाच्या चिकाला आमच्याकडे फार जपतात. विटाळाचा हात लागला तर तो बिघडतो, असं मानणारी आमची गल्ली. मी पदर खोचून सोऱ्या हातात घेतला, तर शेजारणींसमोर जाऊबाई म्हणाल्या, "तू नको गं. तुला ते खाजेचं झालंय ना, चीक नासेल." आणि माझ्या हातात काठी दिली. कावळे हाकलायला! ते काम पोरासोरांचं. मी रणरणत्या उन्हात काठी घेऊन बसले आणि शेजारणी माझ्यापासून परात लांब सरकवत होत्या. सासूबाई खाली मान घालून चीक घाटत राहिल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीत माझ्या रोगाच्या नाही नाही त्या गोष्टी तयार.

गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि माझ्यावरच डाफरल्या. "अस्वच्छतेचा काय संबंध? अँटिबायोटिकनं वाईट जंतू मरतात, तसे राखण करणारे चांगलेही मरतात. मग यीस्ट, म्हणजे एक बुरशी, माजते. आणि उरल्यासुरल्या गोळ्या खायला कुणी सांगितलं होतं?" त्यांच्या औषधानं मी बरी झाले. राग काही बरा झाला नाही. घरी येऊन सगळं सांगितलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "डॉक्टर काय, काहीही सांगतात." बरं, म्हटलं. घोडामैदान जवळच आहे.

वर्षभर मी तो राग लोणच्यासारखा मुरवला.

पुढच्या उन्हाळ्यात, कुरडयांच्याच दिवशी सकाळी, जाऊबाई स्वयंपाकघरात माझ्याजवळ आल्या. दाढ सुजली म्हणून त्या काही दिवस डब्यातल्या गोळ्या खात होत्या. पाय आवळून उभ्या राहिल्या आणि कुजबुजल्या, "तुला तेव्हा ते मलम कुठलं दिलं होतं गं?" अगं बाई, काय बरं वाटलं मला! खोटं कशाला बोलू, पाडव्याचं श्रीखंडही इतकं गोड लागलं नव्हतं. "वर चला, सांगते," म्हटलं.

गच्चीवर त्याच शेजारणी. जाऊबाईंनी सोऱ्याला हात घातला, तशी मी वर्गातल्या खणखणीत आवाजात म्हटलं, "वहिनी, तुम्ही नको. खाज सुटलेल्या बाईनं चिकाला हात लावायचा नाही. नियम तुमचाच." त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी काठी पुढे केली आणि त्यांनी ती मुकाट घेतली.

तेवढ्यात पातेल्यापाशी सासूबाईंनी कलथा खाली ठेवला. त्या सटाण्याकडच्या, मुळात कमी बोलणाऱ्या. "मंग मीबी उठते," म्हणाल्या. "मलाबी हाय ते. मागल्या कुरडयांच्याबी आधीपासून. त्या डब्यातल्या गोळ्या मीबी खाते."

म्हणजे मी काठी घेऊन बसले होते, तेव्हा सासूबाई हेच सोसत चीक घाटत होत्या. आणि चीक नासला होता का? त्या वर्षीच्या कुरडया तर गल्लीनं मागून मागून नेल्या होत्या! मला हसू येईना आणि रडूही येईना.

मी कलथा उचलून परत सासूबाईंच्या हातात दिला. "तुम्ही बसा. हा घाणीचा रोग नाही, गोळ्यांचा आहे. उद्या तुम्हाला डॉक्टरीणबाईंकडे नेते," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. मग सोऱ्या घेतला आणि ऐसपैस मांडी घालून पहिली कुरडई घातली. एक शेजारीण माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "उद्या मीही येऊ का गं तुमच्याबरोबर?"

जाऊबाई कठड्यापाशी उन्हात बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. मी काही त्यांना उठवलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "आणि मला नाही नेणार?" डोळ्यांत पाणी होतं.

"नेईन की," मी म्हटलं. "आधी कावळे हाकला."